पुराला घाबरून वर चढतोय, पण वर पाणी कुठे साठतं ते पाहिलंय का?

२०२१ च्या जुलैनंतर महाड आणि आजूबाजूच्या गावांतल्या आपल्या घरांमध्ये एक वाक्य सारखं ऐकू येतं. "आता खाली नाही बांधायचं, वर जागा बघायची." म्हणणारे चुकीचं बोलत नाहीत. २२ जुलैच्या रात्री सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत आणि मोहल्ल्यांत शिरलं. कुणाचं दुकान गेलं, कुणाच्या मुलीच्या लग्नाचं सामान गेलं, कुणाची कागदपत्रं चिखलात गेली. ज्यांनी रात्र माळ्यावर किंवा छतावर काढली, त्यांना खालच्या जागेचं नाव नको वाटणारच. आता कुवेतहून, दुबईहून, सौदीहून पैसे पाठवणारा मुलगा फोनवर विचारतो, "अब्बा, डोंगराच्या बाजूला एक प्लॉट आहे म्हणे, घेऊ का?"

पण त्याच २२ जुलैला, पूर महाडमध्ये चढत असताना, दुपारनंतर तळिये गावच्या कोंढाळकर वाडीवर डोंगर आला. ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी इथेही त्याच दिवशी दरडी कोसळून लोक दगावले. खाली पाणी आणि वर दरड, दोन्ही एकाच पावसाने आणि एकाच दिवशी. म्हणजे "वर" गेलं की सुटलो, हा हिशेब इथे बसत नाही. वर गेलो तर त्याच्याही वर काय आहे, हे पाहावं लागतं.

आणि त्याच्याही वर बहुतेक ठिकाणी पाणी आहे. सड्यावरच्या खोलगट जागा, डोंगराच्या टप्प्यांवरची ओलसर माळं, पावसाळ्यात फुटणारे झरे, दिवाळीपर्यंत टिकणारी डबकी. या सगळ्याला पुस्तकी मराठीत पाणथळ जागा म्हणतात. महाड म्हटलं की देशाला चवदार तळं आठवतं, २० मार्च १९२७ आठवतं. पण त्या तळ्याच्या चारी बाजूंना जे डोंगर दिसतात, त्यांच्या माथ्यावर किती लहान-मोठी तळी पावसात भरतात, हे आम्हाला शाळेत कुणी शिकवलं नाही आणि आम्हीही मुलांना शिकवत नव्हतो.

डोंगर पाणी कसं धरतो

आपले डोंगर म्हणजे लाव्हाचे थर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास एकावर एक साचलेले काळ्या कातळाचे हे थर झिजून जिन्यासारखे झाले. भूगोलाच्या पुस्तकात "डेक्कन ट्रॅप" असं नाव येतं, त्यातला ट्रॅप हा शब्द पायरीवरूनच आला आहे. आंबेनळी घाटातून महाबळेश्वरला जाताना समोरच्या डोंगराकडे पाहिलं तर या पायऱ्या साध्या डोळ्यांना दिसतात. उभा कडा, मग थोडी सपाट जागा, परत कडा. त्या सपाट टप्प्यांवर माती जमते, झाडं वाढतात, वाडी वसते, नाचणी-वरी होते. आणि तिथेच पाणी थांबतं.

सगळ्यात वर, महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावर, कातळावर जांभ्याची टोपी आहे. जांभा सच्छिद्र असतो, आपल्या घरांच्या भिंतीत ज्याने बुरुज-विहिरी बांधल्या तोच दगड. पाऊस त्यातून आत झिरपतो, खाली चिकण मातीच्या थराशी अडतो आणि मग आडवा सरकत कड्याच्या पोटातून झरा होऊन बाहेर पडतो. महाबळेश्वरच्या जुन्या देवळात जे पाच नद्यांचं पाणी दाखवतात, त्यांत कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री यांच्यासोबत आपली सावित्रीही आहे. आर्थर सीटवर उभं राहून पर्यटक ज्या दरीचे फोटो काढतात, ती सावित्रीची दरी. पर्यटकाला ती सुंदर दिसते. पोलादपूरवाल्याच्या दृष्टीने ते आपल्या डोक्यावरचं छप्पर आहे, आणि ते गळतं कुठून हे त्याला ठाऊक असायला हवं.

पाणथळ जागा दोन कामं करते आणि गोंधळ इथेच होतो. पहिलं काम भल्याचं. पावसाचं पाणी थोडा वेळ धरून ठेवायचं, हळूहळू सोडायचं, वाहून आलेला गाळ तिथेच बसू द्यायचा. त्यामुळे खालच्या पऱ्ह्याला, वहाळाला एकदम लोंढा येत नाही आणि मार्च-एप्रिलपर्यंत झऱ्याला पाणी राहतं. दुसरं काम आपण विसरतो. जे पाणी थांबतं, ते जमिनीत मुरतंही. टप्प्यावर साठलेलं पाणी खालच्या उताराच्या मातीत शिरतं. मातीचे कण एकमेकांना धरून असतात ते त्यांच्यातल्या घर्षणामुळे. मधल्या पोकळ्या पाण्याने पूर्ण भरल्या की ते पाणी कणांना एकमेकांपासून ढकलतं आणि पकड सुटते. वरून त्या मातीचं वजनही वाढलेलं असतं.

वर्गात हे दाखवायला आम्ही एक ताट आणि दोन बादल्या वाळू घेतो. किंचित ओली वाळू ताटात उभी राहते, मुलं किल्ला करतात. कोरडी वाळू थोडी घसरते. पण किल्ल्याच्या माथ्यावर खड्डा करून त्यात हळूहळू पाणी सोडत राहिलं, तर बराच वेळ काहीच होत नाही. मुलं कंटाळतात. मग पायथ्याशी एक ओला डाग दिसतो आणि त्यानंतर सगळी बाजू एकदम बसते. वरून पाणी ओतलं आणि खालून ढासळलं, हे मुलांना दर वर्षी आश्चर्याचं वाटतं. प्रयोग स्वस्त आहे, घरीही करता येतो. फरशी मात्र नंतर पुसावी लागते.

म्हणून "पाणथळ जागा वाचवा म्हणजे पूर येणार नाही" असं सरसकट म्हणणं आम्हाला पटत नाही. एक साधा हिशेब पाहा. २०२१ मध्ये २३ जुलैच्या सकाळी संपलेल्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तिथे वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या पुढे पाऊस पडतो, म्हणजे वर्षाचा दहावा हिस्सा एका दिवसात. एका गुंठ्यावर पडलेलं ते पाणी साठ हजार लिटर होतं, दहा हजार लिटरचे सहा टँकर. एका हेक्टरवर ५९४ टँकर. आता एक हेक्टरचं फूटभर खोल तळं धरलं तर ते पूर्ण रिकामं असतानाही त्यात जेमतेम तीनशे टँकर पाणी मावेल, म्हणजे स्वतःच्या अंगावर पडलेल्या पावसाच्या निम्मंच. आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ते रिकामं नसतं, आधीच काठोकाठ भरलेलं असतं. अशा दिवशी स्पंज पाणी धरत नाही, सोडतो. रोजच्या पावसात, जूनच्या पहिल्या सरींत, उन्हाळ्यात त्याचा उपयोग मोठा आहे. पण ज्या दिवशी आभाळ फाटतं, त्या दिवशी उपयोगी पडते ती माहिती: पाणी कुठे साठलंय, कुठून ओसंडतंय आणि त्याच्या खाली कोण राहतं.

त्यासाठी नकाशा लागतो.

सरकारी नकाशात ही जागा का सापडत नाही

देशात पाणथळ जागांचे नकाशे झालेलेच नाहीत असं नाही. अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने, म्हणजे इस्रोच्याच संस्थेने, उपग्रहाच्या चित्रांवरून राष्ट्रीय पाणथळ ॲटलास तयार केला. तो २०११ मध्ये आला. त्यात २.२५ हेक्टरपेक्षा मोठ्या दोन लाखांवर जागा आकारासह दाखवल्या आहेत. त्याहून लहान साडेपाच लाखांवर जागांसाठी नुसता एक ठिपका आहे. २.२५ हेक्टर म्हणजे साधारण साडेपाच एकर. आपल्या डोंगरावर साडेपाच एकरांचं तळं कुठून येणार? इथे सगळं गुंठ्यांत आहे. शिवाय बरीचशी डबकी हंगामी. फेब्रुवारीच्या चित्रात ती नसतात आणि जुलैच्या चित्रात ढगांशिवाय काही दिसत नाही.

त्याच संस्थेने उंचावरच्या तळ्यांचा वेगळा ॲटलासही काढला, त्यात ४,६९९ तळी आहेत. पण "उंच" म्हणजे समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरच्या वर. हिमालयासाठी ते ठीक आहे. महाराष्ट्रातल्या सह्याद्रीतलं सगळ्यात उंच कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे आपला अख्खा सह्याद्री त्या व्याख्येत बसतच नाही, बुटका ठरतो.

कायद्यातही अशीच फट आहे. २०१७ चे पाणथळ जागांचे नियम नदीपात्राला, भातखाचरांना आणि पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेल्या तलावांना लागू होत नाहीत. वनजमिनीवरच्या जागा वन कायद्याकडे जातात. ज्या करारामुळे जगभर पाणथळ जागांची यादी सुरू झाली, तो १९७१ मध्ये इराणमधल्या रामसर या कास्पियन समुद्राकाठच्या गावात झाला. महाराष्ट्रातून त्या यादीत नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी आहेत. सह्याद्रीच्या माथ्यावरचं एकही ठिकाण नाही. कासचं पठार युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे, पण ते फुलांमुळे आणि जैवविविधतेमुळे. फुलं का येतात, तर कातळावर पाणी उथळ साचून राहतं म्हणून, हे तिथे जाऊन सेल्फी काढणाऱ्या फार थोड्यांना माहीत असतं.

आणि आपला सातबारा? पाणी साचणारा, दलदलीचा तुकडा त्यात बहुधा "पोटखराबा" म्हणून जातो. उर्दूतही दलदल म्हटलं की फसायची जागा. दोन्ही भाषांत या जमिनीला चांगलं नाव नाही, मग ती भरून सपाट केली तर कुणाला वाईट वाटणार.

दरडींचे नकाशे मात्र आहेत आणि ते पाहायला हवेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने, ज्याला जीएसआय म्हणतात, डोंगराळ भागांचा दरड-शक्यतेचा नकाशा १:५०,००० या प्रमाणात केला आहे. तो त्यांच्या भूकोश या संकेतस्थळावर बघता येतो. हैदराबादच्या एनआरएससीने २०२३ मध्ये दरडींचा ॲटलास काढला, त्यात १९९८ ते २०२२ मधल्या सुमारे ऐंशी हजार दरडींची नोंद आहे. पण १:५०,००० म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. अर्ध्या किलोमीटरात आपली एक वाडी, तिच्या वरचा टप्पा आणि त्यावरची दोन डबकी सगळी मावतात. कोणत्या घराच्या मागे झरा फुटतो, हे त्या नकाशाला विचारून उपयोग नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्याच जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी गाडली गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण ढिगाऱ्याखालीच राहिले. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती.

आणखी एक अडचण जिल्ह्याच्या हद्दीची. सावित्री उगवते सातारा जिल्ह्यात आणि पूर येतो रायगड जिल्ह्यात. वरचं रेकॉर्ड एका कलेक्टर कचेरीत, खालचं दुसऱ्या. पाण्याला ही हद्द कळत नाही, म्हणून असा नकाशा गावाच्या किंवा तालुक्याच्या सीमेवर थांबवून चालत नाही. जिथून आपल्या वहाळाला पाणी येतं, त्या पाणलोटाच्या माथ्यापर्यंत तो न्यावा लागतो.

नकाशा होता, तरी

नकाशा काढला की काम झालं, असा समज कुणी करून घेऊ नये. हिमालयात उंचावरच्या तळ्यांवर बरीच वर्षं काम चालू आहे. काठमांडूच्या इसिमॉड या संस्थेने कोशी, गंडकी आणि कर्नाली खोऱ्यांतली ४७ हिमतळी धोकादायक म्हणून वेगळी काढली. सिक्कीमचं साउथ ल्होनाक तळंही धोक्याचं आहे, हे शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं सांगत होते. ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री ते फुटलं, चुंगथांगचं धरण वाहून गेलं, तीस्तेच्या काठची गावं गेली. तळं नकाशावर होतं. खालच्या माणसाला मध्यरात्री उठवणारी व्यवस्था नव्हती.

आपल्याकडे हिमतळी नाहीत, तळं फुटून पूर येण्याचा तो प्रकार इथे नाही. धडा मात्र लागू पडतो. नकाशाचं दुसरं टोक माणसाच्या कानापर्यंत गेलं पाहिजे.

आणि कान आपल्याकडे आहेत. २०२१ ला वीज गेली, मोबाईलचे टॉवर बंद पडले. अशा वेळी मशिदीचा लाऊडस्पीकर बॅटरीवर किंवा इन्व्हर्टरवर चालतो का, हे प्रत्येक जमातीने पावसाआधी एकदा तपासून ठेवावं. पावसाळ्यात एनडीआरएफची तुकडी महाडला ठेवली जाते, जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा नंबर आहे. पण पहिला अर्धा तास शेजाऱ्याचा असतो. उंट बांधण्याची हदीस सगळ्यांना तोंडपाठ आहे, डोंगराखाली राहणाऱ्याला तिचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आम्ही मुलांबरोबर काय केलं

आम्ही नववीच्या मुलांना दिवाळीच्या सुट्टीचा अभ्यास म्हणून एवढंच दिलं होतं: आपल्या गावाच्या वर पाणी कुठे साठतं ते घरात विचारून लिहा. अर्ध्या मुलांनी गावची विहीर आणि टाकी लिहून आणली. पण एका मुलीच्या दादीने सांगितलं, अमक्या माळावर श्रावणात म्हैस रुतते, तिथे कुणी जनावर नेत नाही. दुसऱ्याच्या चाचांनी सांगितलं, कड्याखाली एक झरा आहे, मोठा पाऊस झाला की त्याचं पाणी दुसऱ्या दिवशी वाढतं. दुसऱ्या दिवशी! हे ऐकून आम्ही वर्गात थांबलोच. पाणी डोंगरातून किती वेळात खाली येतं, त्याचं मोजमाप त्या चाचांकडे होतं, फक्त त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मग शाळेच्या कॉम्प्युटरवर गूगल अर्थ उघडलं. त्यात जुन्या तारखांची चित्रं बघायची सोय आहे. युक्ती अशी की पावसाळ्यातलं चित्र शोधायचं नाही. डिसेंबर ते फेब्रुवारीचं शोधायचं. तेव्हा सगळा डोंगर पिवळा पडलेला असतो. त्या पिवळ्यात मध्येच हिरवा ठिपका दिसला, तर तिथे जमिनीत अजून ओल आहे. म्हैस रुतते तो माळ असाच सापडला. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रंही फुकट मिळतात, दर पाच दिवसांनी नवीन. त्यातला एक चौकोनी ठिपका दहा मीटर बाय दहा मीटर असतो, म्हणजे जवळपास बरोबर एक गुंठा. मुलांना हेक्टर कळत नाही, गुंठा कळतो, त्यामुळे हा योगायोग वर्गात फार कामी आला. ढगांतून आरपार बघायचं तर रडारचे उपग्रह लागतात. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेला निसार हा इस्रो आणि नासाचा उपग्रह त्याच जातीचा. दर बारा दिवसांनी तो तीच जमीन पुन्हा पाहतो आणि जमीन थोडी जरी सरकली तरी ते त्याच्या मोजणीत येऊ शकतं. ते काम तज्ज्ञांचं, आपलं नाही. पण असं काही आहे, हे आपल्या मुलांना ठाऊक हवं. त्यांच्यातलाच कुणी उद्या ते वाचायला बसेल.

नकाशावर प्रत्येक ठिपक्यापुढे चार गोष्टी लिहायच्या ठरल्या. कधी भरतं, कधी आटतं, भरलं की कुठून ओसंडतं, आणि त्या वाटेवर खाली काय आहे. शेवटचा रकाना भरताना मुलं गप्प झाली होती. आधीचे तीन रकाने भूगोल होते. चौथ्यात घरं आली, शाळा आली, एका ठिकाणी कब्रस्तानाची भिंत आली.

यात एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. सगळ्यात वरची माहिती आपल्या मोहल्ल्यात नाहीच. ती धनगरवाड्यांवर आहे, कातकरी वाड्यांवर आहे, जे वर्षभर त्या सड्यांवर फिरतात. त्यांच्याकडे जाऊन विचारल्याशिवाय हा नकाशा अर्धाच. पुराच्या वेळी मशिदी-मदरशांतून सगळ्यांसाठी जेवण गेलं, कपडे गेले, त्या ओळखी आहेत. त्याच ओळखीने कोरड्या दिवसांत वर जाऊन चहा घेता येतो.

रायगड किल्ला तर आपल्याच तालुक्यात आहे. गडावर, आठशे मीटरच्या वर, गंगासागर आहे, हत्ती तलाव आहे. गड बांधणाऱ्यांना पाणी कुठे थांबतं, कुठून निसटतं हे कळत होतं. हत्ती तलाव कित्येक वर्षं गळत होता, दुरुस्ती झाल्यावर तो पुन्हा भरला. मुलांची सहल तिथे नेतो तेव्हा राजसदर आणि बाजारपेठ दाखवून उतरण्यापेक्षा या तलावांच्या काठी अर्धा तास बसवलं, तर भूगोलाचा एक धडा तिथेच होतो.

प्लॉट घेण्याआधी

आता त्या फोनवरच्या प्रश्नाकडे येऊ. जागा बघायला आपण बहुतेक वेळा जातो ते मुलगा सुट्टीवर आला की, एप्रिल-मे महिन्यात. तेव्हा डोंगर कोरडा ठणठणीत असतो. एजंट गाडी थेट प्लॉटवर नेतो. रस्ता नवा, व्ह्यू मस्त. त्या रस्त्यासाठी उताराचा पाय कुठे कापला आणि वरची कोणती खोलगट जागा भरून सपाट केली, हे त्या दिवशी दिसत नाही. माळीण ३० जुलै २०१४ ला गेलं, दीडशेवर माणसं. त्यानंतर उतारावरच्या सपाटीकरणाबद्दल बरंच बोललं गेलं, पण डोंगराकडेला जेसीबी चालायचा थांबला नाही.

म्हणून जागा पसंत पडली तरी सौदा पावसाळ्यानंतर करा. जुलै-ऑगस्टमध्ये, पाऊस उघडलेल्या दिवशी, कुणा जाणत्याला घेऊन प्लॉटच्या वरच्या टप्प्यापर्यंत जाऊन या. प्लॉटवर उभं राहून खाली पाहू नका, पाठ फिरवून वर पाहा. वर पाणी साचलंय का, ते कुठून निघतं, त्याची नैसर्गिक वाट कुणी बुजवली आहे का? वरच्या माळावर जमिनीला लांब भेग आहे का? कड्याला समांतर गेलेली भेग सगळ्यात वाईट, कारण पाणी तिथून सरळ आत जातं. भूकोशवर जीएसआयचा नकाशा बघा, ग्रामपंचायतीत आणि तहसील कचेरीत दरडप्रवण यादी मागा. यादीत नाव नसणं ही हमी नाही, इर्शाळवाडीचं उदाहरण वर आलंच आहे. पण नाव असेल तर पुढचा विचारच नको.

जे आधीपासून उताराखाली राहतात त्यांना प्लॉट बदला म्हणणं सोपं आहे आणि निरर्थक आहे. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन इथे दरडींनी महाड तालुक्यात जवळपास दोनशे माणसं गेली. त्यानंतर पुनर्वसनाची वाट बघत लोकांनी किती वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये काढली, हे या भागात कुणाला सांगायला नको. अशा घरांसाठी खुणा ओळखणं हाच खरा उपाय आहे. नेहमी स्वच्छ वाहणारा झरा अचानक गढूळ होणं. नसलेल्या जागी नवा झरा फुटणं. भर पावसात चालू झरा एकाएकी बंद पडणं, ही खूण तर लोक आनंदाने घेतात, "पाणी कमी झालं" म्हणून. पण आत पाणी कोंडलं असण्याची ती शक्यता असते. विजेचे खांब, झाडं कलणं, दार-खिडकी चौकटीत अडकायला लागणं, अंगणात भेग. यातलं काहीही दिसलं आणि वर महाबळेश्वरला मोठा पाऊस चालू असेल, तर सामान आवरत बसायचं नाही. आडव्या दिशेने, उताराच्या वाटेतून बाजूला निघायचं. वहाळाच्या कडेने खाली धावायचं नाही, कारण दरडही त्याच वाटेने येते.

सावित्रीचा गाळ काढा, पात्रातली बेटं काढा, ही मागणी महाडकरांनी लावून धरली आणि २०२१ नंतर ते काम झालंही. ते हवंच होतं, कारण खाली भरतीचं पाणी आणि वरून पुराचं, दोन्ही महाडजवळ समोरासमोर येतात. पण पात्रात गाळ येतो कुठून? वरून, कापलेल्या उतारांवरून, बुजवलेल्या खोलगट जागांवरून. खालचा गाळ उपसायचा आणि वरचे टप्पे उघडे सोडायचे, तर दर काही वर्षांनी पोकलेन आणावा लागणार.

ग्रामसभा १ मेला असते, तेव्हा डोंगर चढायला कोरडा असतो आणि सुट्टीवर आलेले लोक गावात असतात. मुलांनी काढलेला असा नकाशा त्या सभेत भिंतीवर लावता येतो आणि त्याची नोंद प्रोसिडिंगमध्ये घ्या, असं सांगता येतं. मग २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तोच कागद पुन्हा उघडायचा आणि पावसाने काय बदललं, कुठला झरा हलला, कुठे नवी भेग पडली, ते लाल पेनाने त्यावरच लिहायचं. आमच्या वर्गाच्या नकाशावर सध्या तीन ठिपक्यांपुढे प्रश्नचिन्ह आहे. तिघांचीही माहिती वरच्या धनगरवाड्यावर मिळेल असं मुलांचं म्हणणं आहे. मे महिन्याचा पहिला रविवार त्यासाठी ठरला आहे.